मानेचे व्यायाम करताना खांदाच का भरून येतो?

काडीताशा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी वारज्याला राहते, शिवाजीनगरच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि गेली सहा वर्षे पावसाळा सुरू झाला की एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्या तक्रारीशी तिचा संबंध असावा असे मला वाटते. ढोल कमरेला बांधतात, ताशा मात्र पट्ट्याने गळ्यात अडकवतात. त्यामुळे त्याचा भार मानेच्या मागच्या बाजूवर आणि खांद्याच्या मुळाशी येतो, आणि त्याच वेळी दोन्ही हात कोपरात दुमडून, खांदे शक्यतो न हलवता, मनगटातून काड्या चालवाव्या लागतात.

फेब्रुवारीपासून उजवीकडे, मान आणि खांदा यांच्यामधल्या उतरणीवर, सतत ओढ जाणवत होती. हाताला मुंग्या येत नाहीत, पकड कमी झालेली नाही, हात वर नेताना दुखत नाही. डॉक्टरांनी तपासून नस दबलेली नाही असे सांगितले आणि फिजिओथेरपीला पाठवले. तिथे दोन प्रकारचे व्यायाम मिळाले. पहिला उताणे झोपून करायचा: ‘हो’ म्हणताना डोके जेवढे हलते तेवढेच हलवून हनुवटी आत घ्यायची आणि दहा सेकंद धरायची. दुसरा बसून: तळहात कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही बाजूंना ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला रेटायचे, डोके मात्र जागचे हलू द्यायचे नाही.

पाच आठवडे नेमाने केले. कार्यालयात संगणकासमोर जाणवणारी ओढ पुष्कळ कमी झाली आहे. पण दुसरा व्यायाम करताना मानेच्या आधी खांदाच थकतो, आणि परवा नदीकाठच्या सरावात ताशा गळ्यात घातल्यावर पंधरा मिनिटांत उजवा खांदा कानाकडे चढलेला आढळला. दरम्यान एका मैत्रिणीने चित्रफीत पाठवली. तीत मानेचे व्यायाम केले की खांद्याचा वरचा स्नायू ‘बंद’ होतो असे आलेख दाखवून सांगितले आहे. माझा स्नायू बंद झालेला तर दिसत नाही. मानेच्या व्यायामाचा खांद्याच्या स्नायूंवर नेमका काय परिणाम होतो, आणि तो बसल्या जागी दिसून ताशावर का दिसत नाही, हे कोणी समजावून सांगेल का?

उपचारक_कोथरूड
सोमवार, रात्री ११.१५

ताई, मी गेली एकोणीस वर्षे फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे सर्वसाधारण समजुतीसाठी आहे, असे धरून वाचावे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाहेर काढू. ‘मानेचा व्यायाम’ आणि ‘खांद्याचा स्नायू’ अशी दोन खाती आपण बोलण्याच्या सोयीसाठी करतो. तुमच्या कामाच्या भाषेत सांगायचे तर शरीरात ते संयुक्त खाते आहे, आणि पैसे कोणी काढले हे नुसत्या शिलकेवरून कळत नाही. तुमची ओढ ज्या उतरणीवर आहे तिथे वरच्या थरात ट्रॅपेझियस आणि त्याच्या खाली लेव्हेटर स्कॅप्युली हे स्नायू आहेत. ट्रॅपेझियस कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला असून तो हासळीच्या हाडाला आणि खांद्याच्या फऱ्याला जाऊन मिळतो. लेव्हेटर मानेच्या पहिल्या चार मणक्यांपासून निघतो आणि फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्याला चिकटतो. दोघांचेही एक टोक मानेकडे, दुसरे खांद्याकडे. खांदा पक्का धरला तर हे मान वाकवतात. मान पक्की धरली तर हेच खांदा उचलतात.

आता तुमचा दुसरा व्यायाम पाहा. उजवा तळहात डोक्याच्या उजव्या बाजूला लावून तुम्ही रेटता तेव्हा मानेच्या उजव्या बाजूचे स्नायू डोके सांभाळतात, त्यांत वरचा ट्रॅपेझियस आणि लेव्हेटर आले. पण तो हात तिथपर्यंत उचलून कोणी धरला आहे? खांद्याचा डेल्टॉइड, आणि फरा फिरवून स्थिर ठेवणारे स्नायू, म्हणजे पुन्हा ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरून फऱ्याकडे जाणारा सेरेटस अँटीरियर. आत रेटण्याचा जोर छातीचा स्नायू लावतो. म्हणजे एकच स्नायू एकाच वेळी मानेसाठीही राबतो आहे आणि हातासाठीही. तो आधी थकला यात नवल नाही, आणि तुमचे काही चुकते आहे असेही नाही.

हा गोंधळ टाळायचा असेल तर हात बाजूला काढावा. भिंतीकडे बाजू करून उभे राहून डोके आणि भिंत यांच्यात उशी धरावी आणि डोक्याने उशी हलकेच दाबावी. खांदा भिंतीला आधी टेकतो, म्हणून उशी चांगली जाड हवी किंवा लहान मुलांचा मऊ चेंडू घ्यावा. दोन्ही हात खाली सैल सोडावेत. जोर निम्म्याहून कमी. एवढा बदल केल्यावर खांद्याचा थकवा गेला तर तो थकवा हात उचलून धरण्याचा होता, मानेचा नव्हे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

पहिला व्यायाम वेगळ्या जातीचा आहे. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस हे खोलवरचे स्नायू असतात. ते ताकदीसाठी नाहीत, मणक्यांची कमान सांभाळण्यासाठी आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील ग्वेंडोलिन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी जी चाचणी रूढ केली तीत मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिचा दाब २० मिलिमीटर पाऱ्यावर आणतात, आणि रुग्णाने हनुवटीची ती ‘हो’ची हालचाल करत दाब २२, २४ असा दोन-दोनने ३० पर्यंत नेऊन प्रत्येक पायरी १० सेकंद धरायची असते. वीस ते तीस, इतकाच खेळ. जोर लावला की गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू फुगून येतात आणि व्यायाम वाया जातो. हे खोल स्नायू किती काम करतात ते मोजणेही सोपे नाही. २००४ साली डेबोरा फाला यांच्या गटाने नाकावाटे घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारा इलेक्ट्रोड नेऊन ते मोजले, तेव्हा मानदुखीच्या रुग्णांत ते कमी काम करताना आढळले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे खोल स्नायू जागे झाले की वरचे स्नायू आपोआप हलके होतील, ही अपेक्षा तर्काला धरून आहे आणि उताणे झोपलेल्या स्थितीत ती काही प्रमाणात खरीही ठरते. पण २००८ साली याच गटाने मानदुखी असलेल्या ५८ स्त्रियांना सहा आठवडे व्यायाम दिले, एका गटाला तुमच्यासारखे हलके आणि दुसऱ्याला ताकद-दम वाढवणारे, आणि नंतर त्यांना हाताने वारंवार करायचे एक काम देऊन मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा स्नायू किती काम करतो ते मोजले. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते. हाताचे काम करताना तो स्नायू किती राबतो हे मात्र दोन्ही गटांत बदलले नव्हते.

तो स्नायू म्हणजे ट्रॅपेझियस नव्हे, हे मान्य. पण तुमच्या ताशाचे उत्तर मला तिथेच दिसते. झोपून शिकलेली गोष्ट शरीर झोपून वापरते. उभे राहून, गळ्यात वजन घेऊन, लयीत हात चालवताना मेंदू जुनाच आराखडा काढतो, कारण नवा आराखडा त्याला त्या परिस्थितीत कोणी शिकवलेलाच नाही. बसल्या जागी फरक पडला, कारण संगणकासमोर तुमचे हात टेबलावर टेकलेले असतात आणि मानेची ठेवण हाच तिथला मुख्य प्रश्न असतो.

ठेवणीचा प्रश्न लहान नाही, हेही सांगतो. डोके पुढे काढून हात वजनासह पुढे उचलला तर वरचा ट्रॅपेझियस जास्त आणि सेरेटस कमी काम करतो, असे २०१० साली दक्षिण कोरियात मोजून दाखवले गेले आहे. हात पूर्ण वर जाताना फरा सुमारे ६० अंश फिरतो आणि तो फिरवण्याचे काम ट्रॅपेझियसचे वरचे व खालचे तंतू आणि सेरेटस यांनी वाटून घ्यायचे असते. सेरेटसने अंग काढून घेतले की बिल वरच्या तंतूंच्या नावावर फाटते. मानेचा व्यायाम खांद्याला उपयोगी पडतो तो बहुधा या वाटेने: मान जागेवर आली की फऱ्याच्या स्नायूंना आपापला वाटा उचलता येतो. पण वाटा उचलायला ते समर्थ असायला हवेत, आणि ती ताकद हनुवटी आत घेऊन येत नाही.

जाता जाता: मानदुखीचे खापर हेल्मेटवर फोडण्याची आपल्या गावात जुनी हौस आहे. तुम्ही दुचाकीवर येत-जात असाल तर कृपया ते काढू नका.

तरंगरेषा
मंगळवार, सकाळी ७.५०

मी अभियांत्रिकीचा माणूस आहे, वैद्यकाचा नाही. पण एका प्रकल्पात दोन वर्षे त्वचेवरून स्नायूंचे विद्युत संकेत मोजण्याचे, म्हणजे ईएमजीचे, काम केले आहे. चित्रफितीतल्या आलेखाबद्दल तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

वरच्या ट्रॅपेझियससाठी इलेक्ट्रोडची जोडी मानेचा सातवा मणका आणि खांद्याचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर, एकमेकांपासून २० मिलिमीटर अंतराने लावतात. कातडीखालची चरबी, घाम, केस, इलेक्ट्रोड एक बोट इकडे की तिकडे, या सगळ्याने आकडा बदलतो. म्हणून आधी त्या व्यक्तीला पूर्ण जोर लावायला सांगून कमाल मूल्य घेतात आणि नंतरचे सगळे आकडे त्याच्या टक्केवारीत मांडतात. तसे केले नसेल तर काल आणि आजचा आलेख शेजारी ठेवून ‘कमी झाला’ म्हणण्याला अर्थ नाही. तुमच्या चित्रफितीतल्या उभ्या अक्षावर टक्के होते की मायक्रोव्होल्ट, एवढे पाहून सांगा. निम्मा निकाल तिथेच लागेल.

दुसरा मुद्दा जास्त फसवा आहे. स्नायू थकत जातो तेव्हा तेवढेच वजन पेलायला त्याला जास्त तंतू कामाला लावावे लागतात, म्हणून आलेखाची उंची वाढते आणि संकेताची वारंवारिता खाली येते. म्हणजे उंच आलेख जास्त ताकदीचा असू शकतो, थकव्याचाही असू शकतो. उलट, दुखणाऱ्या माणसाचा आलेख खाली आला तर तो सैलावला असेल किंवा दुखते म्हणून जोरच लावत नसेल. नुसत्या उंचीवरून चांगले-वाईट ठरवणे म्हणजे केवळ आवाजाच्या मोठेपणावरून पथक तालात आहे की नाही ते ठरवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार रंजक वाटते. उपचारकांनी ज्यांचा उल्लेख केला त्या फाला यांच्या गटाने २००४ साली हाताचे वारंवार काम करणाऱ्या मानदुखीच्या रुग्णांवर आणखी एक मोजणी केली होती. उजव्या हाताने काम सुरू असताना मानेच्या पुढचे स्नायू आणि डावा वरचा ट्रॅपेझियस रुग्णांमध्ये जास्त काम करण्याकडे कल होता. काम करणाऱ्या उजव्या बाजूच्या वरच्या ट्रॅपेझियसचा कल मात्र याच्या उलट निघाला. दुखणाऱ्या माणसाचा वरचा ट्रॅपेझियस अतिकाम करतो आणि तो ‘बंद’ करायचा, हे सोपे सूत्र इथेच अडखळते.

मग दुखते कशाने? एक तर्क असा की स्नायूतले सर्वांत लहान तंतुगट सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. हलके पण न थांबणारे काम असेल तर मोठे गट विश्रांती घेतात आणि हे लहान गट दिवसभर राबत राहतात. स्वीडनच्या हेग यांनी १९९१ साली या तर्काला सिंड्रेलाचे नाव दिले: पहाटे सर्वांत आधी उठणारी, रात्री सर्वांत शेवटी झोपणारी. आपल्याकडे त्यासाठी परदेशी परीकथेत जायची गरज नव्हती, कोणत्याही जुन्या वाड्यातल्या थोरल्या सुनेचे नाव चालले असते. याला जोडून नॉर्वेत हलके पॅकिंगचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसचा माग ठेवला गेला. तिथे आलेखाची उंची बाजूला ठेवून त्यातल्या ‘फटी’ मोजल्या: कमाल जोराच्या ०.५ टक्क्याच्या खाली किमान ०.२ सेकंद संकेत उतरला की ती एक फट. ज्यांना पुढे दुखणे जडले त्यांच्या आलेखात अशा फटी कमी होत्या.

तेव्हा मानेच्या व्यायामाने खांद्याचा आलेख किती खाली आला हे विचारण्यापेक्षा, त्यात फटी किती वाढल्या हे विचारावे, असे माझे मत आहे. ताशावर उजवा खांदा कानाकडे चढून तिथेच राहतो, हे तुमचे वर्णन म्हणजे फटच न उरल्याचे वर्णन आहे.

लालमाती
मंगळवार, दुपारी २.०५

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. माझे तरुणपण पेठेतल्या तालमीत गेले. तिथे मानेचा व्यायाम आणि खांद्याचा व्यायाम असा भेद आम्ही कधी ऐकला नाही. जोर मारले, मानेचा पूल केला, म्हणजे डोके जमिनीला टेकून अंग कमानीसारखे मानेवर तोलले, जोडीदाराने मानेवर हात टाकून खेचले तर खांदे आणि मान एकदमच उत्तर देत. हा स्नायू शांत ठेवा, तो स्नायू जागा करा, असे नाजूक बोलून आजवर कोणाची मान घट्ट झालेली मी पाहिली नाही. ताशाचे ओझे पेलायचे असेल तर ट्रॅपेझियस हलका कशाला करायचा, तो जबर करावा. ताईंनी हातात वजने घेऊन खांदे उचलण्याचा व्यायाम का करू नये, हे मला कोणी पटवून द्यावे.

उपचारक_कोथरूड
मंगळवार, रात्री १०.३०

लालमाती, तुम्हाला पटवून देण्याची गरज नाही, कारण या बाबतीत पुरावा बराचसा तुमच्या बाजूचा आहे. माझ्या कालच्या उत्तरात ही बाजू लंगडी राहिली होती.

डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन यांच्या गटाने, कामामुळे ट्रॅपेझियस दुखत असलेल्या स्त्रियांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला मान-खांद्यासाठी डंबेल्सचे व्यायाम दिले, त्यांत खांदे उचलण्याचा व्यायामही होता; दुसऱ्या गटाला खांदे सैल ठेवून सायकल चालवायला दिली; तिसऱ्याला केवळ आरोग्याविषयी माहिती. वेळ आठवड्यातून तीनदा २० मिनिटे, दहा आठवडे. दुखणे ठळकपणे आणि टिकाऊ कमी झाले ते डंबेल्सच्या गटाचे. सायकलचा फायदा व्यायामानंतर थोडा वेळ जाणवण्याइतकाच होता. म्हणजे दुखऱ्या स्नायूला विश्रांती देऊन जे झाले नाही ते त्याला शिस्तीत काम देऊन झाले. पुढे २०११ साली त्यांनी १९८ जणांवर रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम तपासला, आणि दिवसाला दोन मिनिटे करणाऱ्यांनाही फरक पडला. त्याआधी २००३ मध्ये फिनलंडच्या १८० कार्यालयीन स्त्रियांवरील वर्षभराच्या प्रयोगात मानेची ताकद वाढवणारा आणि मानेचा दम वाढवणारा असे दोन गट होते. दोन्ही सुधारले, पण दोन्ही गटांना हातांचे डंबेल व्यायामही दिलेले होते, हे विसरून चालणार नाही; श्रेय निव्वळ मानेच्या व्यायामाचे नाही.

तुमचा-माझा मतभेद उरतो तो क्रमाबद्दल. मानेच्या पुलाची शिफारस मी चाळिशीच्या आसपासच्या, रोज आठ तास बसून काम करणाऱ्या कोणालाही करणार नाही. तालमीत ती मान लहानपणापासून घडलेली असते. आणि काहींचा खांदा चढलेला नसून मुळातच खाली ओघळलेला असतो. अशा माणसाचा ट्रॅपेझियस आखडल्यासारखा वाटतो खरा, पण तो ताणलेल्या दोरीसारखा घट्ट असतो. त्याला आणखी ताण देणारे स्ट्रेचिंग दिले की दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी तक्रार परत येते. मानदुखीच्या रुग्णाचे दोन्ही खांदे मागे उभ्या माणसाने हातांनी नुसते तोलून धरले तर मान वळवताना होणारा त्रास तिथल्या तिथे कमी होऊ शकतो, हे अभ्यासात नोंदलेले आहे आणि मी स्वतः रोज पाहतो.

ताई, तुम्ही हेच करून पाहा. आरशासमोर उभ्या राहा, घरातल्या कोणाला तरी मागून दोन्ही कोपरे तळहातांवर तोलून धरायला सांगा आणि मान उजवीकडे-डावीकडे वळवा. नंतर आधार काढून तेच करा. फरक जाणवतो का ते इथे लिहा.

काडीताशा
बुधवार, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेले सगळे करून पाहिले.

चित्रफीत पुन्हा पाहिली. उभ्या अक्षावर काहीच लिहिलेले नाही, नुसता बाण आहे.

उशीचा प्रयोग लगेच पटला. हात खाली सोडून भिंतीशी केल्यावर खांदा अजिबात भरून आला नाही. मानेचा थकवा मात्र पहिल्यांदाच नीट कळला आणि तो पाच आठवड्यांनंतरही मला वाटत होता त्यापेक्षा लवकर आला. कोपरे तोलून धरण्याचे काम भावाने केले. उजवीकडे मान वळवताना जी ओढ शेवटच्या टप्प्यात येते ती आधार असताना जवळजवळ आली नाही, आणि त्याने हात काढताच परत आली. आरशात उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खालीच दिसतो. मी तो चढलेला समजत होते. ताशा वाजवताना तो चढतो, एरवी ओघळलेला असतो, असे काही आहे का?

उपचारक_कोथरूड
बुधवार, रात्री ९.०५

तसे असू शकते, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तेच आहे. दिवसभर हाताचे ओझे पेलण्यात कमी पडणारा स्नायू ऐन कामाच्या वेळी सगळा जोर लावून वर खेचतो, कारण मधल्या पट्टीतले काम त्याला जमत नाही.

इथे शरीररचनेतला एक तपशील उपयोगी पडेल. ट्रॅपेझियसचे वरचे तंतू खांद्याला दोरीसारखे सरळ वर ओढतात असे चित्र आपण मनात धरतो. बोगडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हे तंतू उकलून पाहिले, तेव्हा मानेच्या खालच्या भागातून येणारे जाड तंतू बरेचसे आडवे जातात असे दिसले. ते हासळीचे हाड छातीकडच्या सांध्यावर फिरवून खांदा उचलतात, आणि त्यामुळे हाताचे वजन त्या सांध्याकडे वळते, मानेच्या मणक्यांवर पडत नाही. लेव्हेटर मात्र उभा आहे. खांदा त्याच्या जिवावर टांगला तर मणके एकमेकांवर दाबले जातात. तेव्हा वरचा ट्रॅपेझियस हा मानेचा शत्रू नसून तिचा हमाल आहे. त्याला ‘बंद’ करण्याची भाषा म्हणूनच मला खटकते.

हनुवटीचा व्यायाम चालू ठेवा. उशीचा एक दिवसाआड करा. त्याला जोडून हातात एक-एक किलोची वजने घेऊन हात शरीरापासून किंचित पुढे, बाजूला, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलण्याचा व्यायाम सुरू करा. प्रत्येक वेळी वजन खाली आल्यावर खांदा पूर्ण सैल सोडा, म्हणजे तरंगरेषा यांच्या भाषेत फट पडू द्या. भिंतीवर हात टेकवून जोर काढणे आणि शेवटी भिंत आणखी थोडी दूर लोटणे, हा सेरेटससाठी. तुम्हाला तपासलेल्या फिजिओथेरपिस्टला हा बदल दाखवून मगच सुरुवात करा. हाताला मुंग्या आल्या, पकड सुटू लागली किंवा चालताना तोल जातोय असे वाटले, तर व्यायाम थांबवून थेट डॉक्टरांकडे जा.

पहाटफेरी
गुरुवार, पहाटे ५.३५

माझे वय एकाहत्तर असून मी शिवाजीनगरच्या अय्यंगार परंपरेत बरीच वर्षे योगाभ्यास केला आहे. चर्चेला जोडून एवढेच नोंदवतो की त्या पद्धतीत सर्वांगासन करताना खांद्यांखाली घड्या घातलेल्या चादरींची चळत ठेवतात आणि डोके तिच्या पलीकडे, खाली, जमिनीवर टेकते. नवख्याला तो लाड वाटतो. प्रत्यक्षात भार खांद्यांनी आणि दंडांच्या मागच्या बाजूने घ्यावा, मान मोकळी राहावी, यासाठी ती योजना आहे. खांद्यांना काम दिल्याखेरीज मानेला सुट्टी मिळत नाही, हे मला चादरींनी शिकवले. आपण येथे तेच मोजमापांनी सांगत आहात. मात्र सध्या दुखणे असताना काडीताशा यांनी हे आसन स्वतःच्या मनाने करू नये.

लालमाती
गुरुवार, सकाळी ९.१०

हमाल ही उपमा मान्य. हमालाला उपाशी ठेवून कोणी ओझे उचलत नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

ताई, वजने उचलून झाल्यावर ताशा गळ्यात न घालताच काड्या हातात घेऊन पाच मिनिटे हवेत वाजवा, खांद्यावर लक्ष ठेवून. मग रिकामा पट्टा गळ्यात घालून. मग ताशा घेऊन. आम्ही नवीन पोराला डाव असाच शिकवत असू: आधी एकट्याने, मग सैल पडलेल्या जोडीदारावर, मग खऱ्या झटापटीत. उपचारक म्हणतात की झोपून शिकलेले शरीर झोपूनच वापरते, त्यावर माझ्याकडे हाच उपाय आहे.

काडीताशा
रविवार, रात्री १०.५०

आजच्या सरावानंतर लिहिते आहे. लालमाती यांचा क्रम तीन दिवस पाळला. गमतीची गोष्ट अशी की हवेत काड्या चालवताना खांदा शांत राहतो, रिकामा पट्टा घातला तरी राहतो; ताशा अडकवल्यावरही पहिली काही मिनिटे राहतो. तो चढतो ते लय दुपटीत जाताना, आणि नेमके तेव्हाच मी श्वास रोखते हे आज पहिल्यांदा लक्षात आले. श्वास सोडला की खांदा बोटभर खाली येतो. आज पंधराऐवजी पंचवीस मिनिटे झाली तेव्हा ओढ सुरू झाली.

पट्ट्याबद्दलही पथकप्रमुखांशी बोलले. मानेवर येणारा पट्टा रुंद करून आत पातळ फोम शिवून घ्यायला आणि कमरेला दुसरा आधार बांधून पाहायला त्यांनी हरकत घेतली नाही. ताशाचा कोन बिघडला तर मात्र पुन्हा जुनाच पट्टा, अशी अट घातली आहे. पथकातले आणखी दोन ताशेवाले माझ्यामागोमाग भिंत आणि उशी घेऊन उभे राहिले आहेत. त्यांतल्या एकाचा डावा खांदा ओघळलेला आहे, तो डावखुरा नाही. त्याच्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?